तेलाच्या डब्यात डाळीचे पैसे : पुण्यातल्या मेसचालकांना खुलं पत्र

प्रति,
सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या सर्व मेसचालक व खानावळचालक काका-काकूंना,

स. न. वि. वि.

तुमच्याकडे दोन वेळ जेवणारी बहुतेक मुलं-मुली विशीतली आहेत. घर मराठवाड्यात, विदर्भात नाहीतर खानदेशात, दिवस अभ्यासिकेत आणि जेवण तुमच्या हातचं. महिन्याचे पैसे आगाऊ भरले की पुढचे तीस दिवस त्यांच्या पोटात काय जाणार, हे त्यांच्यापेक्षा तुम्हीच जास्त ठरवता. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

आधीच सांगतो, स्वच्छतेबद्दल किंवा चवीबद्दल तक्रार करायची नाही. भाडं, व्यावसायिक सिलिंडर, पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार, मुलांचे खाडे आणि पूर्वपरीक्षा झाली की निम्मा पट गावाला जाणं, हे सगळं धरून तुम्ही या भावात जेवण कसं देता याचंच नवल वाटतं. आमचं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे: पानात डाळ फार कमी आहे आणि ती वाढवायला मेसचा दर वाढवावा लागत नाही. पैसे तुमच्याच स्वयंपाकघरात आहेत, फक्त ते तेलात, चौथ्या पोळीत आणि बटाट्यात गेलेले आहेत.

हिशेब करू. एक नेहमीचं पान घ्या. पंचवीस-पंचवीस ग्रॅम कणकेच्या चार पोळ्या, पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, बटाट्याची सुकी भाजी, एक रस्साभाजी आणि एक वाटी आमटी. आमटी पातळ असेल, म्हणजे १०० पानांना दीड किलो डाळ शिजत असेल, तर माणशी १५ ग्रॅम डाळ आली. पोळ्यांतून साधारण साडेदहा ग्रॅम प्रथिनं, भातातून चार, आमटीतून तीन-सव्वातीन, भाज्यांतून दोन. म्हणजे पानाला वीसच्या आत-बाहेर. दोन वेळचे चाळीस, सकाळच्या पोह्यांचे चार-पाच. ६५ किलो वजनाच्या मुलाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात, ५५ किलोच्या मुलीला ४६. मुलगी काठावर आहे, मुलगा दहाने कमी. शिवाय जे मिळतंय त्यातला मोठा वाटा गहू-तांदळाचा, आणि त्या प्रथिनांत लायसिन हा घटक अपुरा असतो. तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. वरण-भात एकत्र खाण्यामागचं शास्त्र हेच. पण वरण नावापुरतं असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप असं माप दिलं आहे. वरच्या पानाचे दोन वेळचे आकडे त्याच्याशेजारी मांडून पाहा: धान्य ३०० ग्रॅम (पोहे धरले नाहीत), डाळ ३० ग्रॅम. मुलं दोन तासांनी पुन्हा वडापावच्या गाडीवर का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता 'अनलिमिटेड' या शब्दाकडे येऊ. पाटीवर तो पोळी-भातासाठी असतो आणि वाटी मात्र मोजून मिळते. आमची विनंती आहे की हे उलटं करा. पोळ्या तीन, भात एक मूद आणि आमटी-उसळ हवी तेवढी. 'मुलं डाळ पिऊन टाकतील' ही भीती पातळ आमटीच्या बाबतीत खरी आहे, कारण ती पाण्यासारखी पिता येते. दाट आमटीची तिसरी वाटी घेणारा विरळा. चौथी पोळी मागणाऱ्याला नाही म्हणू नका, पण आधी वाटी पुढे करा. वाढप्याला एवढं एक वाक्य शिकवलं तरी पुरे.

खर्चाचं म्हणाल तर बाजारभाव आठवड्याला बदलतो, म्हणून खालचे दर नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्या बिलावरचे घाला. आमटीची डाळ १५ वरून ३० ग्रॅम केली, तूरडाळ किलोला १५० धरली, तर पानामागे सव्वादोन रुपये वाढले. दिवसातून एकदा ३० ग्रॅम कडधान्याची उसळ, किलोला १२० धरून ३ रुपये ६० पैसे. दोन वेळांत वाटली तर पानामागे १ रुपया ८० पैसे. एकूण वाढ चार रुपये पाच पैसे. आता बचत. उसळ आली की त्या वेळची बटाट्याची भाजी गेली: शंभर ग्रॅम बटाटा, तीस रुपये किलो, तीन रुपये, दोन वेळांत वाटून दीड. एक पोळी कमी झाली: कणकेचा एक रुपया, मावशींचे श्रम वेगळे. आणि तेल, ज्याचा हिशेब पुढे दिला आहे, त्यातून १ रुपया २० पैसे. बचत तीन रुपये सत्तर पैसे. फरक उरला पस्तीस पैशांचा. रोजचा तळलेला पापड आठवड्यातून दोनदाच ठेवला, तर तोही भरून निघेल.

तेलाचं गणित डब्यावरून करा, चमच्यावरून नको. १०० जण दोन वेळ, म्हणजे दिवसाला २०० पानं. १५ किलोचा डबा चार दिवसांत संपत असेल तर पानामागे जवळजवळ १९ ग्रॅम तेल गेलं. दोन वेळचं ३८, सांगितलंय २७, आणि नाश्त्याचं अजून धरलेलंच नाही. तोच डबा सात दिवस पुरवला तर पानामागे ११ ग्रॅमच्या आत येतं. (डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, हे एकदा पाहाच. १५ लिटर तेल म्हणजे फक्त साडेतेरा-पावणेचौदा किलो.) एका वेळच्या १०० पानांना एक किलो १०० ग्रॅम तेल असं वाटता येतं: आमटीच्या फोडणीला २००, दोन्ही भाज्यांना तीन-तीनशे, पोळ्यांना २००, कोशिंबिरीच्या फोडणीला १००. सकाळी हे तेल मोजून वेगळ्या बरणीत काढून ठेवा. डब्यातून थेट कढईत ओतलं की माप राहत नाही, कितीही जुना आचारी असला तरी.

तेल जास्त का लागतं याचीही कारणं आहेत. पातळ बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि मोठा भडका असला की भाजी लागते, आणि ती लागू नये म्हणून आचारी तेल ओततो. जाड बुड, मध्यम आच आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ, इतक्याने काम होतं. वांगं तेल पितं. फोडी मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून आधी वाफवून घ्या. बटाटा उकडून मगच फोडणीला टाका. कांदा परतताना चिमूटभर मीठ घालून झाकलं की तो स्वतःच्या पाण्यात मऊ होतो. रश्श्यावर तवंग दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाजी झणझणीत वाटत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. मग तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा आणि मागेल त्याच्या वाटीत अर्धा चमचा घाला. रंग बेडगी मिरचीने येतो, दाटपणा दाण्याच्या कुटाने किंवा भाजलेल्या बेसनाने. दोन्हींत प्रथिनं आहेत, तेलात नाहीत.

रविवारच्या पुऱ्या-भज्यांचं तेल सोमवारी काय होतं, हेही इथेच सांगायला हवं. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल तापून तापून खराब होताना तयार होतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरता येत नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसणारच. पण तेल काळवंडलं, चिकट झालं, तापवताच फेस धरू लागलं किंवा आधीपेक्षा लवकर धुरावलं, की ते गेलं समजा. एकदाच तळलेलं तेल गाळून दोन दिवसांच्या आत फोडणीत संपवता येतं. त्यावर पुन्हा तळणं आणि त्यात नवं तेल भर घालत राहणं, हे दोन्ही बंद करा. भर घातल्याने जुनं तेल सुधारत नाही, नवंही लवकर खराब होतं.

आता आमटी. १०० पानांना ३ किलो डाळ, शिजून आणि पाणी धरून १५ लिटर, म्हणजे दीडशे मिलीची एक वाटी. निव्वळ तुरीऐवजी दोन किलो तूर आणि एक किलो मसूर घ्या. मसूर लवकर शिजते, प्रथिनांत तुरीपेक्षा काकणभर सरसच, आणि मुख्य म्हणजे ती विरघळून आमटीला धरून ठेवते. मोठ्या पातेल्यात डाळ तळाला बसते आणि वर पाणी येतं. साडेबाराला आलेल्याला पाणी मिळतं, अडीचला आलेल्याला गाळ. शिजलेली डाळ फोडणीआधी रवीने चांगली घोटा आणि वाढताना प्रत्येक वेळी वगराळं तळापासून फिरवा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ टणक राहते. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं, म्हणून डाळीपुरतं तरी नळाचं पाणी ठेवा. आणि खायचा सोडा नको. गॅस वाचतो हे खरं, पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. वाटाणा-हरभरा रात्री गरम पाण्यात थोडं मीठ घालून भिजवला तर सोड्याशिवाय मऊ होतो.

उसळीला १०० पानांसाठी तीन किलो कोरडं कडधान्य लागतं. मटकी आठ-दहा तास भिजवून निथळली आणि फडक्यात बांधली की उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीसही लागतात. तीन किलोची सहा-साडेसात किलो होते. उन्हाळ्यात बांधलेली पुरचुंडी आंबते, कारण पाणी नीट निथळलेलं नसतं. मोड आलेलं कडधान्य कच्चं वाढू नका. ज्या उबेत मोड फुटतात त्याच उबेत जंतूही वाढतात. चवळी, मसूर आणि पांढरा वाटाणा यांना मोड आणायची गरज नाही, भिजवलं की झालं. सोमवारी मटकी, मग चवळी, मसूर, हरभरा, वाटाणा असं फिरवलं तर पाच दिवस उसळ वेगळी लागते. 'रोज उसळ नको' असं मुलं म्हणतात ती बहुधा रोजच्या एकाच गोड्या मसाल्याला कंटाळून.

कणकेत सोयाबीन मिसळणं नवं नाही, घरोघरी नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन देऊन दळण आणतात. फक्त सोयाबीन आधी खरपूस भाजायलाच हवं. कच्च्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, आणि कडसर वासही येतो. सोयाबीनचं प्रमाण नऊ किलोला एक किलोहून वाढवलं की पोळी कोरडी पडते आणि डब्यात तिचा पापड होतो. तीन पोळ्यांमागे यातून जवळपास दोन ग्रॅम प्रथिनं वाढतात. दाट आमटी, दिवसातून एक उसळ आणि ही पोळी, एवढ्यावर वरच्या हिशेबातला मुलगा ५४ ला पोचतो. अंडी, पनीर काहीही न घालता.

भाकरीबद्दल तुम्हाला विचारलं की उत्तर ठरलेलं: मावशींना वेळ नाही. बरोबरच आहे, भाकरीला पोळीपेक्षा वेळ लागतो आणि ती थंड झाली की कडक होते. आठवड्यातून दोन वेळा, पिठल्याबरोबर, एवढंच करून पाहा. बाजरीत लोह चांगलं असतं. पीठ मात्र आठवड्याचंच दळा. बाजरीच्या पिठातलं तेल खवट होतं आणि पीठ कडू लागतं, ज्वारीचं जुनं पीठ चिकटपणा सोडतं आणि भाकरी थापताना फाटते. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

भाज्यांचं माप माणशी एका वेळी १२० ते १५० ग्रॅम कच्ची भाजी, म्हणजे १०० पानांना १२ ते १५ किलो, आणि त्यात बटाटा मोजायचा नाही. मार्केटयार्डात दुधी, लाल भोपळा आणि कोबी ही बहुतेक वर्षभर परवडणारी, थंडीत गाजर, मुळा. पालेभाजी महाग पडते ती जुडीमुळे कमी आणि निवडण्याच्या मजुरीमुळे जास्त. मेथीऐवजी पालक आणि चाकवत घ्या, निवडायला निम्माही वेळ लागत नाही. ताकातल्या चाकवताला मूठभर हरभराडाळ आणि दाणे घातले की तीच पातळभाजी आमटीची जागा घेते. पाला तीन पाण्यांतून काढा, आणि दर वेळी पाला वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलं तर तळाची माती परत पाल्यावरच बसते. पावसाळ्यात पालेभाजी आणि कच्च्या कोशिंबिरीचा हट्ट नको, वाफवलेलं गाजर-बीट चालेल. एरवी कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळीच घाला. लिंबाची फोड पानात हवीच, डाळीतलं लोह त्याने अंगी लागतं. एका लिंबाच्या आठ केल्या तर १०० पानांना तेरा लिंबं. एप्रिल-मेमध्ये लिंबं परवडत नाहीत, तेव्हा कच्चा कोबी आणि कोथिंबीर घ्या.

मिठाचं माप दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. मग एका वेळच्या १०० पानांना सगळ्या पदार्थांत मिळून २०० ग्रॅम, त्याहून जास्त नको. लोणचं-पापडाचं मीठ यात आलंच, म्हणून लोणचं मागितल्यावरच वाढा. ताकाने प्रथिनं भागतात असं समजू नका. मेसच्या ताकात माणशी तीस ग्रॅम दही असलं तर एक ग्रॅम प्रथिनं मिळतात.

डब्यांसाठी दोन गोष्टी. आमटी उकळती असताना पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, स्टीलचाच डबा द्या. आणि अकराला भरलेला भात अडीचला उघडला जातो. साडेतीन तास कोमट राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लांबचे डबे शेवटी भरा. रात्रीचा भात फोडणीचा भात म्हणून सकाळी चालवायचा असेल, तर तो रात्रीच परातीत पसरून निववा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

सगळ्यात अवघड प्रसंग आम्हाला ठाऊक आहे. आमटी ६० जणांची आणि पावणेदोनला दहा जण जास्त. तेव्हा आमटीत तांब्याभर पाणी जातं, आणि तिथून पुढे ती कायमची पातळ होते. यासाठी भाजलेलं बेसन बरणीत तयार ठेवा. दहा जणांना ४०० ग्रॅम बेसन, पावणेदोन लिटर पाणी, कांदा-मिरचीची फोडणी. दहा मिनिटांत पिठलं होतं, माणशी आठ ग्रॅम प्रथिनं. पाण्यापेक्षा महाग आहे, पण उशिरा आलेल्याला शिक्षा कशाला?

तुमच्या मेसवर जेवणारेही हे पत्र वाचतील, त्यांच्यासाठी चार ओळी. मेस लावण्याआधी एक वेळ पैसे देऊन जेवा, शक्यतो दोननंतर, आणि आमटीत चमचा उभा घालून तळाशी काय लागतं ते पाहा. चौथ्या पोळीऐवजी दुसरी वाटी मागा. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. चहा लोह अडवतो. मधल्या वेळेला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळं, वडापावच्या पैशांत बसतं. आणि डाळ दाट झाली तर काकूंना सांगा. तक्रारी रोज पोचतात, हे पोचत नाही.

शेवटची मागणी पाटीची आहे. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा सरकारने वजनं लिहून दिली होती: ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. ते पान मोठ्या भुकेला पुरणारं नव्हे, पण दहा रुपयांत काय मिळणार हे वाचता येत होतं. कॅलरी लिहायची सक्ती दहा किंवा जास्त शाखांच्या हॉटेलांना आहे, तुम्हाला नाही, आणि ती करावी असंही आम्ही म्हणत नाही. फळ्यावर 'आजची भाजी' लिहिताच. त्याखाली खडूने आणखी एक ओळ लिहा: 'आजची आमटी : तूर २ किलो, मसूर १ किलो, १०० पानं.'

कळावे, लोभ असावा.

आपले,
आहाराचे हिशेब मांडणारे आणि मोठ्या पातेल्यांची मापं जाणणारे काही जण, पुणे